सापळ्यात न सापडणारी मादी

कामगंध सापळ्यात सापडणारे पतंग नर असतात. केज तालुक्यात कापसाच्या शेतात हे सापळे टांगले, की पतंगांचा बंदोबस्त झाला, असे अनेकदा मानले जाते. कीटकांच्या माद्यांविषयीच्या गैरसमजांपैकी हा सर्वांत महागात पडणारा आहे. सापळ्यातल्या गोळीत गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधाची कृत्रिम नक्कल असते. त्याला गॉसिप्लुअर म्हणतात. त्याची रासायनिक रचना १९७३ मध्ये उलगडली. रात्रीच्या उत्तरार्धात मादी हा गंध हवेत सोडते आणि नर त्याचा माग काढत येतो. मादीला त्या गंधाची ओढ नसते, त्यामुळे अंडी घालणारी मादी शेतातच राहते. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो. निम्मे नर पकडले गेले, तरी उरलेले बहुतेक माद्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून एकरी दोन सापळे हे मुख्यतः मोजणीचे साधन आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तर किडीने नुकसानीची पातळी ओलांडली, असा त्याचा अर्थ. मादीचा ठावठिकाणा मात्र हिरवी बोंडे फोडून आत अळी पाहिल्यावरच लागतो.

मादी आयुष्यात एकदाच मिलन करते, हा दुसरा समज. तो फार काळ विज्ञानातही टिकून होता. इंग्लंडमधील अँगस बेटमन यांनी १९४८ मध्ये ड्रोसोफिला माश्यांवर प्रयोग केले. जास्त मिलनांचा फायदा नराला होतो, मादीला एक मिलन पुरते, असा निष्कर्ष त्यातून पाठ्यपुस्तकांत गेला. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्याच्या पद्धतीतच दोष निघाला. त्याआधी, २००० मध्ये, अर्नक्विस्ट आणि निल्सन यांनी कीटकांवरील १२२ प्रयोग एकत्र तपासले होते. अनेकदा मिलन करणाऱ्या माद्यांची अंडी आणि पिल्ले सर्वसाधारणपणे जास्त भरतात, असे त्यातून दिसले.

पतंगांच्या बाबतीत पुरावा मादीच्या पोटातच मिळतो. नर शुक्राणू एका छोट्या थैलीत बांधून देतो आणि रिकाम्या थैलीचे अवशेष मादीच्या शरीरात राहतात. मादी चिरून थैल्या मोजल्या, की मिलने किती झाली ते कळते. गुलाबी बोंडअळी आणि हरभऱ्यावरची घाटे अळी, या दोन्हींच्या पतंगांत एकाहून अधिक थैल्या असलेल्या माद्या आढळतात. घाटे अळीच्या मादीचे मिलन झाले, की तिचे गंध सोडणे काही काळ थांबते आणि पुढे पुन्हा सुरू होते. मादीला मिळालेले शुक्राणू लगेच संपत नाहीत. ती ते शुक्रकोशात साठवते आणि प्रत्येक अंड्याच्या वेळी थोडे थोडे वापरते. अनेक जातींत कोणत्या नराचे शुक्राणू जास्त वापरले जातील, यावर तिच्या शरीररचनेचा प्रभाव पडतो. मादी निष्क्रिय असते, हे म्हणणे इथे पूर्णपणे कोसळते.

मिलनात अडथळा आणण्याची पद्धतही याच माहितीवर उभी आहे. गंध भरलेल्या दोऱ्या किंवा नळ्या कपाशीच्या झाडांना बांधल्या, की नराला खरी मादी हुडकता येत नाही. मिलन लांबले, की मादीची अंडीही कमी होतात. पण मिलन होऊन बसलेली मादी शेजारच्या वावरातून उडून आली, तर तिला या गंधाने काहीच फरक पडत नाही. म्हणून एकट्याच्या दोन एकरांत ही पद्धत तोकडी पडते. ती सगळ्या शिवाराने मिळून करायची गोष्ट आहे.

मधमाशीची राणी एकाच नराची असते, असेही समजले जाते. खरे तर तिच्या मिलनाचा काळ एकच, पण नर बरेच. सातेरीची राणी डझनाहून अधिक नरांशी हवेतच मिलन करते; आग्या मोहोळाची राणी त्याहून कितीतरी जास्त. शुक्राणूंचा तो साठा तिला पुढे आयुष्यभर पुरतो. बाप अनेक असल्यामुळे कामकरी माश्यांच्या स्वभावात वैविध्य येते. पाश्चात्त्य मधमाश्यांवरील प्रयोगांत अशा पोळ्यांचे तापमान जास्त स्थिर राहिलेले आणि रोगांचा जोर कमी राहिलेला आढळला.

करडईवरच्या माव्याची गोष्ट उलटी आहे. नर आणि मादी एकत्र आल्याशिवाय वंश वाढत नाही, हा समज माव्याला लागू पडत नाही. उबदार हवेत माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्ले देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. फवारणीतून चार-दोन माद्या वाचल्या, तरी थोड्याच दिवसांत शेंडे पुन्हा काळे होतात, ते यामुळे.

खंडोबाच्या किड्याची मादी प्रत्येक वेळी नराला खातेच, असे नाही. मोकळ्या शेतात नर बहुधा निसटतो.

मादीचे सर्वांत काटेकोर नियंत्रण ट्रायकोग्रामा या मित्रकीटकात दिसते. एक मिलिमीटरपेक्षाही लहान असलेली ही गांधीलमाशीची नातलग पतंगांच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालते. सामान्यतः फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर निघतो. कोणते अंडे फलित करायचे, हे आईच्या शरीरातच ठरते. मांजरा धरणाच्या परिसरातील उसात खोडकिडीवर ट्रायकोकार्डे लावली, तर पुढचे काम याच माद्या करतात. म्हणून कार्ड लावल्यानंतर काही दिवस तरी त्या उसात कीटकनाशक फवारू नये.