खेड्याचें आरोग्य आणि सरकारी अनुदान

शहरांत स्थायिक झालेल्या अनेक सुशिक्षित कुटुंबांचें मूळ कोठल्या ना कोठल्या खेड्यांत असतें. वर्षांतून एकदां, यात्रेच्या किंवा गणपतीच्या निमित्तानें, तें कुटुंब गांवीं जातें. आणि दोन दिवसांच्या मुक्कामांत एक गाऱ्हाणें हटकून कानीं येतें. आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे, पण नळाला पाणी नाहीं. परिचारिका आहे, पण तिला रात्रीं राहण्याची सोय नाहीं. म्हणून अडलेल्या बाईला अपरात्रीं जीपमध्यें घालून तालुक्याला न्यावें लागतें. ऐकणाऱ्याचें मन हळहळतें. निघतांना तो कांहीं रक्कम गांवच्या पुढाऱ्याच्या हातीं ठेवतो. त्या पैशांतून कधीं एक बाक येतें, कधीं देणगीदाराच्या नांवाची पाटी लागते. आणि पुढल्या वर्षीं तेंच गाऱ्हाणें पुन्हां ऐकूं येतें.

यांतील खेदाची गोष्ट अशी कीं, अशा कामांसाठीं सरकारी तिजोरींतून पैसा निघण्याची वाट बहुधा आधींच आंखलेली असते. ती वाट कोठून सुरू होते हें गांवाला ठाऊक नसतें, आणि ज्यांना तें शोधून काढतां येईल असे शिकलेले लोक शहरांत असतात. देणारा आहे, गरजवंतही आहे. मागण्याची रीत तेवढी अपरिचित आहे.

प्रथम अनुदान म्हणजे काय तें स्पष्ट असावें. अनुदान हें दान नव्हे आणि कर्जही नव्हे. ठराविक कामासाठीं, ठराविक मुदतींत, ठराविक अटींवर खर्चण्यास दिलेला तो सार्वजनिक पैसा होय. दान मागतांना करुणा भाकली तर चालतें. अनुदान मागतांना गरज सिद्ध करावी लागते. म्हणून त्यासाठीं लाचार होण्याचें कारण नाहीं, तसेंच नुसत्या आरडाओरड्यानेंही तें मिळत नाहीं. त्याला लागतो तो पुरावा.

पुराव्याची सुरुवात मोजण्यापासून होते. गडचिरोली जिल्ह्यांतील उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें तेथील ३९ गांवांत नवजात बालकांची घरीं जाऊन सेवा करण्याचा प्रयोग केला आणि दुसऱ्या ४७ गांवांशीं तो ताडून पाहिला. कोणत्या घरीं मूल जन्मलें, कोणतें दगावलें आणि कशानें, याची नोंद प्रयोगापूर्वींपासून ठेवलेली होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीं जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण, तुलनेच्या गांवांच्या मानानें, सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें. १९९९ सालीं हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले, आणि २०११ सालीं भारत सरकारनें आशा कार्यकर्तींमार्फत घरपोंच नवजात सेवा देण्याची योजना देशभर हातीं घेतली. घरोघर ठेवलेल्या नोंदींनीं राष्ट्रीय योजनेची वाट मोकळी केली ती अशी.

सामान्य गांवाला एवढा मोठा प्रयोग करावयाचा नसतो. पण तत्त्व तेंच. उदाहरणादाखल एक कल्पित उपकेंद्र घ्यावें. त्याच्या कक्षेंत ३,००० वस्ती आहे. डोंगराळ व आदिवासी भागांत एका उपकेंद्रासाठीं हेंच मान ठरलेलें आहे. सपाटीवर तें ५,००० आहे. तेथील ग्रामस्थ अर्ज देतात कीं, गांवीं आरोग्याची फार गैरसोय आहे, तरी मायबाप सरकारनें योग्य ती मदत करावी. या अर्जावर अधिकाऱ्यानें करावें काय? गैरसोय कोणाची, किती, मदत हवी ती कशाची, यांपैकीं कांहींच त्यांत नाहीं. ताकाला जाऊन भांडें लपविण्यासारखाच हा प्रकार. असा अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठीं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि शेवटीं फायलींत विसावतो.

आतां तेच ग्रामस्थ परिचारिकेच्या व आशाताईंच्या नोंदवह्या घेऊन बसले आणि त्यांनीं असें लिहिलें, अशी कल्पना करावी : गेल्या बारा महिन्यांत ४५ बाळंतपणें झालीं. त्यांपैकीं ३० तालुक्याच्या रुग्णालयांत, ११ घरीं आणि ४ वाटेंत, गाडींत. रुग्णालय २८ किलोमीटर दूर आहे. उपकेंद्रांत एकही बाळंतपण झालें नाहीं. कारण टांकींत पाणी चढत नाहीं, रात्रीं वीज गेली कीं दिवा नाहीं, परिचारिकेच्या निवासाचें छप्पर गळतें, आणि एकटी परिचारिका फिरतीवर गेली म्हणजे केंद्राला कुलूप लागतें. हा अर्ज वाचणाऱ्यास सहजासहजीं बाजूला सारतां येत नाहीं. कारण वाटेंत जन्मलेल्या त्या चार मुलांबद्दल त्याला उत्तर द्यावें लागतें.

नीट मांडलेल्या अर्जाचा दुसरा लाभ असा कीं, अडचण एक दिसली तरी तिचीं दारें निरनिराळीं आहेत, हें त्यांतून उघड होतें. टांकीची नळजोडणी व विजेरी दिवा हें अल्प खर्चाचें काम; निवासाची दुरुस्ती हें बांधकाम; दुसरी परिचारिका नेमणें हा पदमंजुरीचा प्रश्न. तिन्ही गोष्टी एकाच कार्यालयाकडे मागितल्या, तर तिन्ही अडून बसतात. ज्याचें त्याच्याकडे मागितलें, तर निदान पहिली लवकर पदरांत पडते.

पहिलें दार गांवांतच आहे. १२ एप्रिल २००५ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें, जें २०१३ सालीं राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा भाग झालें, गांवपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता यांची समिति निर्माण केली. तिला वर्षास १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधि देण्याचें मान ठरलें. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यासाठींही असाच निधि ठेवण्यांत आला. अबंधित म्हणजे स्थानिक गरज पाहून खर्चण्याजोगा. मात्र पगार किंवा वाहनखरेदी यांसाठीं तो नव्हे. या समितीची बैठक शेवटची कधीं झाली, खात्यांत शिल्लक किती आहे आणि गतवर्षीं खर्च कशावर झाला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर कोठें अर्ज करूं नये. गांवाच्या नांवानें आलेला पैसा न खर्चतां पडून राहावा आणि त्याच गांवानें वर्गणी गोळा करावी, यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

दुसरें दार तालुका व जिल्हा यांचें. अभियानाचा अंमलबजावणी आराखडा तालुका व जिल्हा पातळीवर तयार होऊन राज्याकडे आणि तेथून केंद्राकडे मंजुरीस जातो. महाराष्ट्रासारख्या राज्यांत या अभियानाच्या खर्चाचा ६० टक्के भार केंद्र व ४० टक्के राज्य उचलतें. २०२२ पासून हा आराखडा दोन वर्षांचा एकत्र होऊं लागला. जें काम आराखड्यांत शिरलें नाहीं, त्याला मागाहून पैसा मिळणें फार कठीण. म्हणून निवासाच्या दुरुस्तीसारखी मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आराखडा बनण्यापूर्वीं पोंचली पाहिजे.

तिसरें दार ग्रामपंचायतीचें. वित्त आयोगाच्या शिफारशीनें पंचायतींना थेट निधि मिळतो. पंधराव्या वित्त आयोगानें तर २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं, स्थानिक संस्थांमार्फत केवळ आरोग्यावर खर्चण्यास ७०,०५१ कोटि रुपयांची शिफारस केली. इमारत नसलेल्या उपकेंद्रांना इमारत व रोगतपासणीची साधनें हीं कामें त्यांत होतीं. आयोग बदलला कीं अटी बदलतात; यास्तव अर्जापूर्वीं चालू शासन निर्णय वाचणें अवश्य आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधि थेट देण्याचें २०१५ सालीं ठरलें, आणि आरोग्य हा त्याचा एक मान्य उपयोग आहे. राहिली दुसरी परिचारिका. तें पद राज्यानेंच मंजूर करावयाचें असतें. गांवानें ग्रामसभेचा ठराव आंकड्यांसह पाठवावा व त्याचा पाठपुरावा सोडूं नये.

हे शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठींतच प्रसिद्ध होतात. एखाद्या कार्यालयांत माहिती मिळेनाशी झाली, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें लेखी विचारणा करतां येते. तिला सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावें लागतें.

काळवेळेचेंही भान हवें. सरकारी वर्ष १ एप्रिलला उजाडतें व ३१ मार्चला मावळतें. ग्रामपंचायतीच्या पुढील वर्षाच्या आराखड्यासाठीं २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास देशभर लोकयोजना मोहीम घेण्यांत येऊं लागली. त्या ग्रामसभांत मागणीची नोंद झाली पाहिजे. मार्चमध्यें धांवाधांव करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

एखादी सेवाभावी संस्था स्वतः प्रकल्प चालवूं इच्छीत असेल, तर तिची पूर्वतयारी निराळी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यान्वयें, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीं, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालीं तिची नोंदणी हवी. तपासलेले हिशेब हवेत. केंद्राच्या अनुदानासाठीं नीति आयोगाच्या 'दर्पण' या संकेतस्थळावरील नोंदणीक्रमांक लागतो. शिवाय त्याच कामासाठीं दुसऱ्या कोणत्याही सरकारी खात्याकडून अनुदान घेतलेलें वा मागितलेलें नाहीं, असें प्रमाणपत्र द्यावें लागतें. एकाच कामासाठीं चार ठिकाणीं हात पसरणें येथें चातुर्य ठरत नाहीं. तें अपात्रतेचें कारण होतें.

खुद्द अर्ज थोडक्यांत असावा. गरज काय, तिचा आंकडा कोणता, करावयाचें काय, खर्च किती, आणि काम साधलें हें कशावरून ओळखावें, या पांच प्रश्नांचीं उत्तरें त्यांत आलीं म्हणजे पुरें. खर्चाच्या अंदाजांत बहुतेकांची चूक होते ती अशी कीं, वस्तूची किंमत लिहिली जाते, पण ती चालती ठेवण्याचा खर्च लिहिला जात नाहीं. रुग्णवाहिका मागितली, पण चालक व इंधन कोणाचें? तपासणीचें यंत्र मागितलें, पण तें चालविणारा कोठें आहे? अनुदान संपल्यावर काम कोण चालवील, याचें प्रामाणिक उत्तर ज्या अर्जांत असतें, त्यावर परीक्षकाचा विश्वास बसतो.

पैसा हातीं आला म्हणजे काम संपलें, ही समजूत सर्वांत घातक. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांप्रमाणें अनुदानाचा विनियोग ठरल्या कामींच झाला, असें उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावें लागतें; अनुदानावर मिळालेलें व्याजही सरकारजमा करावें लागतें; आणि त्यांतून घेतलेली मालमत्ता परवानगीवांचून विकतां येत नाहीं. प्रमाणपत्र अडलें कीं पुढचा हप्ता अडतो, आणि त्याची झळ हिशेब न लिहिणाऱ्यास नव्हे, तर उपकेंद्राच्या दाराशीं आलेल्या बाईला लागते. पावत्या जपणें व वही त्या त्या दिवशीं लिहिणें हें रुक्ष काम खरें. परंतु पुढल्या अनुदानाचा पहिला अर्ज तोच असतो.

येथेंच शहरांतील कुटुंबाचें खरें साहाय्य होऊं शकतें. ज्या घरांत एखादा निवृत्त लेखापाल आहे, शिक्षिका आहे, अभियंता आहे, त्या घरानें गांवाला वर्गणीबरोबर आठ दिवसही द्यावे. लेखापालानें समितीची वही मांडून द्यावी. शिक्षिकेनें आशाताईंच्या नोंदींतून आंकडे काढून अर्जाचा मसुदा करावा. अभियंत्यानें दुरुस्तीचा अंदाज तपासावा. सही मात्र गांवाची असावी आणि निर्णय ग्रामसभेचा. कारण शहरचा पाहुणा परत जाणार, पण उपकेंद्र चालवावयाचें आहे तें गांवानेंच. एवढें झालें तर पुढल्या यात्रेस त्या कुटुंबाच्या कानीं निराळी बातमी येईल : उपकेंद्राच्या टांकींत पाणी चढलें आहे, रात्रीं तेथें दिवा जळतो, आणि या वर्षीं कोणाचेंही मूल वाटेंत जन्मलें नाहीं.