अंगण ते वावर (भाग 7) : गुलाब छाटा, संत्र्याची सल काढा

मागच्या भागात ताणाविषयी पाहिलं. पाणी तोडलं की संत्र्याची वाढ थांबते, ताण सोडला की आंबिया फुटतो. या वेळी सिकेटर हातात घेऊ.

चांदूर बाजार तालुक्यात वावरात संत्रा आणि अंगणात गुलाब, मोगरा, जास्वंद अशी घरं पुष्कळ. दोन्हीकडे सारखीच कात्री चालवली, तर एकीकडे नुकसान ठरलेलं.

गुलाब नव्या फुटीवरच फुलतो. फांदीच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा कापला की तो दाब सरतो, डोळे फुटतात, त्या फुटीवर कळ्या येतात. म्हणून पाऊस ओसरला की ऑक्टोबरात गुलाब न भिता छाटावा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडून त्याच्या थोडं वर तिरका काप द्यावा. मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या सुमारास, जास्वंदाची थंडी सरताना.

संत्र्याचं तसं नाही. हे सदाहरित झाड. फुलोरा आणि फळ पोसण्याचा भार त्याच्या पानांवर असतो. हिरव्या फांद्या सरसकट उतरवल्या तर जोरात उठतात ते पाणसोट. सरळ, जाड, काटेरी. झाडाचा जोर ते खातात, फळ मात्र देत नाहीत. वर आपल्याकडचं वैशाखाचं ऊन! उघड्या पडलेल्या फांद्यांची साल त्यात भाजून निघते. ‘जोरात छाटली की जोरात फुटेल’ हा समज फळावरच्या संत्रा बागेला महागात पडतो.

इथे काम आहे ते सल काढण्याचं. फळांची तोडणी झाली की वाळलेल्या फांद्या काढायच्या, पण वाळल्या जागेवर काप घ्यायचा नाही. सुमारे 2 सेंमी हिरवा भाग सोबत घ्यायचा, कारण रोगाची बुरशी वाळलेल्या टोकाच्या पुढे सरकलेली असते. पाणसोट कोवळे असतानाच काढावेत. मोठ्या कापावर बोर्डो मलम लावा. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडं लोखंडाचं नको.

एका बाबतीत मात्र गुलाब आणि संत्रा सारखे आहेत. दोन्ही डोळा बांधून तयार होतात. जोडाच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा असतो, संत्र्यात बहुधा जंबेरीचा. तो दिसला की लगेच काढा.

आणि काढलेली सल धुऱ्यावर रचून ठेवू नका. तिच्यातली बुरशी पावसाळ्यात पुन्हा बागेत येते. त्याच दिवशी ती बागेबाहेर न्या.