फावल्या वेळाचे टाके

घरातील शिवण-विणकामाचा उल्लेख निघाला की त्यापाठोपाठ ‘फावला वेळ’ हे शब्द येतातच. फावल्या वेळात तिने स्वेटर विणला, फावल्या वेळात गोधडी शिवली, अशी बोलण्याची रीतच पडून गेली आहे. या बोलण्यात एक गृहीत दडलेले असते. आधी काम संपते, मग वेळ उरतो आणि त्या उरलेल्या वेळात सुई हाती येते, असे ते गृहीत. परंतु मुलेबाळे, स्वयंपाक, आजारपण, पाहुणेरावळे आणि आता कचेरीची नोकरी यांनी भरलेल्या घरात असा उरलेला वेळ शोधू गेल्यास तो बहुधा सापडत नाही. सापडतात ती तुटक मिनिटे : भाताला वाफ येईपर्यंतची, मूल झोपी जाईपर्यंतची, आगगाडीच्या दोन स्थानकांमधली. घरगुती हस्तकलांना त्यांचे रूप या मिनिटांनी दिलेले आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे कोणती कला घरात टिकली आणि कोणती शिंप्याच्या दुकानी गेली, याचा उलगडा होऊ लागतो.

गोधडीचेच पाहावे. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक पसरावयाची, कडा दुमडावयाच्या आणि धावदोरा घालीत जावयाचे, एवढीच तिची कृती. या शिवणीत अमुकच ठिकाणी थांबले पाहिजे असे बंधन नाही. सुई कापडातच खोवून, सारी गुंडाळी करून कोनाड्यात ठेवता येते. आठ दिवसांनी त्याच टाक्यापुढे काम सुरू होते आणि ते करणारा हात दुसऱ्या कोणाचा असला तरी बिघडत नाही. सासूने आरंभिलेली गोधडी सून पुरी करते. बंगालची कांथा आणि बिहारात मुझफ्फरपूरकडे नवजात बालकासाठी शिवली जाणारी सुजनी या गोधडीच्याच भगिनी. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. तेथील स्त्रियांची कवंदी कडेकडून शिवीत मध्याकडे नेली जाते, आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. पांघरुणाच्या उबेत या फुलांनी काहीच भर पडत नाही. ज्या घरात मिनिटामिनिटाची ओढाताण, त्याच घरात ही अनावश्यक फुले निघतात, हे मात्र विसरता कामा नये.

भारतीय सनदी सेवेतील अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) यांनी जमविलेल्या कांथा कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयात गेल्या. त्यांपैकी एकीवर मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने ती आपण वडिलांसाठी शिवल्याचे टाक्यांनीच लिहून ठेविले आहे. असे नाव क्वचितच मिळते.

पंजाबची फुलकारी दिसावयास याहून कितीतरी बिकट. खद्दरावर न पिळलेल्या रेशमाने, कापडाच्या उलट बाजूने, धागे मोजून ती भरली जाते. परंतु मोजणीचा आधार कापडाच्या विणीतच असल्याने खंड पडला तरी हिशेब हरवत नाही.

दोन सुयांवरचे लोकरीचे विणकाम युरोपीय लोकांबरोबर या देशात आले आणि मिशनरी शाळांतून पुष्कळसे पसरले. सुलट आणि उलट या दोनच टाक्यांवर त्याचा सारा संसार चालतो. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून ओढलेला फास असतो आणि सुई त्या फासांना धरून ठेवते. म्हणून मूल रडले तर विणकाम जसेच्या तसे खाली ठेवता येते. ओळ पुरी करून ठेवणे अधिक शहाणपणाचे, कारण ओळीच्या मध्ये सोडलेले काम पुन्हा हाती घेताना दिशा चुकण्याचा संभव असतो. सुईवरून एखादा टाका निसटला तर तो शिडीसारखा खाली उतरत जातो, पण क्रोशाच्या सुईने त्याला पायरी पायरीने वर आणता येते. झालेली चूक उसवूनही लोकर वाया जात नाही. व्यग्र घराला याहून क्षमाशील कला मिळणे कठीण.

समजा, लहान मुलाच्या स्वेटरची ओळ ऐंशी टाक्यांची आहे आणि पुढचा व मागचा भाग प्रत्येकी शंभर ओळींचा आहे. बाह्या वगळूनच सोळा हजार टाके झाले. सराव असलेल्या हातास एक ओळ विणावयास दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणजे एकूण सुमारे आठ तास. हे आठ तास सलग कोणाच्याच वाट्यास येत नाहीत. ते दोन-तीन मिनिटांनी जमविले जातात. १९६२ च्या हिवाळ्यात चीनशी युद्ध झाले तेव्हा उत्तर सीमेवरील जवानांसाठी देशभर स्त्रियांनी स्वेटर विणले, तेही बव्हंशी अशाच मिनिटांतून.

ज्युडिथ ब्राउन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९७० साली असे दाखविले की, मुलांवर लक्ष ठेवून जी करता येतात, मध्येच सोडता येतात आणि ज्यांत धोका नसतो, अशी कामे समाजोसमाजी स्त्रियांकडे येतात. यावरून सुई ही स्त्रीचा स्वभावधर्म ठरविण्याचे कारण नाही. हिमाचल प्रदेशात गद्दी मेंढपाळ पुरुष कळपामागून चालता चालता टकळीवर लोकर काततात. कळप राखणाऱ्याचा वेळही मूल राखणारीसारखाच तुटक असतो, एवढाच याचा अर्थ.

शिवणयंत्राची गोष्ट निराळी. १९२४ सालच्या एका संभाषणात गांधीजींनी यंत्रांवर टीका करताना सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद ठरविले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी रचले, असा त्यांचा समज होता. सिंगरचे प्रत्यक्ष कौटुंबिक चरित्र या कथेशी फारसे जुळत नाही. यंत्राने कष्ट वाचविले, हे मात्र खरेच. १९३० च्या दशकात कोलकात्यास ‘उषा’ यंत्रे निघू लागली आणि पुढे ती मध्यमवर्गीय घराचे भूषण झाली. तथापि यंत्राला मोकळी जागा हवी, सलग लक्ष हवे. धावती सुई आणि रांगते मूल यांची जवळीक परवडत नाही. कापड बेतणे तर याहूनही अवघड. कात्रीचा घाव उसवता येत नाही. म्हणून घरोघरी बेतण्याचे काम भर दुपारी किंवा सर्वजण निजल्यावर होते. यंत्राने टाका जलद केला, परंतु स्त्रीकडून अखंड तास मागितला. अनेक घरांत झाकण घातलेले यंत्र कोपऱ्यात उभे असते, ते आळसामुळे असे समजणे अन्यायाचे होईल.

या टाक्यांची सरकारी दप्तरात नोंद कशी होते, हेही पाहण्याजोगे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक फेऱ्यांत अनेक दशके, आणि २०१७ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीतही, ९३ हा संकेतांक आढळतो. घरकामाबरोबर जळण, भाजीपाला गोळा करणाऱ्या किंवा घरच्यासाठी शिवणकाम, विणकाम करणाऱ्या व्यक्तीसाठी तो आहे. ही व्यक्ती श्रमबलाबाहेरची मानली जाते. तिने तेच झबले विकावयास शिवले की ती श्रमबलात येते.

२०१९ आणि २०२४ साली झालेल्या वेळ-विनियोग पाहण्यांनी पुष्कळ सुधारणा केली. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस त्यांत अर्ध्या-अर्ध्या तासांनी मांडला जातो. २०२४ च्या पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसास सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर पुरुष ८८. मात्र अर्ध्या तासात अनेक कामे झाली असतील, तर दहा मिनिटे वा अधिक चाललेलीच कामे लिहावयाची, असा दंडक ठेविला गेला. दंडक अवाजवी नव्हे. कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण दोन-तीन मिनिटांची ओळ त्या रेघेच्या खालीच राहते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आणखी एक बारकावा आहे. घरच्यासाठी केलेले नवे वस्त्र तत्त्वतः उत्पादन ठरते. फाटलेल्याचे रफू मात्र घरगुती सेवा म्हणून बाहेर राहते. आता थोरल्याचा आखूड झालेला स्वेटर उसवतात, लोकरीच्या लडी करतात, त्या धुऊन पीळ जाण्यासाठी वजन बांधून टांगतात, आणि कमी पडली तेथे मनगटाशी दुसऱ्या रंगाची लोकर जोडून त्यातून धाकट्याचा स्वेटर विणतात. ही नवी वस्तू म्हणावयाची की जुन्याची दुरुस्ती? प्रगणकाच्या तक्त्यात यासाठी वेगळा रकाना नाही, आणि विणणारीला तो प्रश्न पडत नाही. तिला थंडी सुरू होण्यापूर्वी दुसरी बाही पुरी करावयाची असते.