आग विझल्यानंतरची वर्षे

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने पाहिलेला सर्वांत मोठा वणवा २०२२ साली सरकारच्याच हातून पेटला. वाळलेला पालापाचोळा कमी करण्यासाठी वन सेवेने एप्रिलमध्ये ठरवून लावलेला जाळ वाऱ्याने आवाक्याबाहेर गेला. जानेवारीत पेटवलेल्या लाकडांच्या ढिगांतला विस्तव बर्फाखाली धुमसत राहून जवळच भडकला. दोन्ही आगी मिळाल्या आणि सुमारे १,३८० चौरस किलोमीटर मुलूख जळाला. हर्मिट्स पीक–काफ कॅन्यन हे त्या वणव्याचे नाव.

ज्वाळा शमल्या तरी नुकसान थांबले नाही. प्रखर आगीत झाडोऱ्यातली मेणासारखी द्रव्ये मातीच्या कणांवर बसतात, मग पाणी मुरत नाही. उन्हाळी पावसात उघड्या डोंगरांवरून राख, गाळ आणि ओंडके खाली आले. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळून सांभाळलेले ‘असेकिया’ हे पाट बुजले. गॅलिनस नदी इतकी गढूळली की लास वेगास या तिथल्या छोट्या शहरावर पाणीटंचाई ओढवली.

मदतीचे नियम मात्र वेगळ्याच गतीचे आहेत. ‘फेमा’ या संघीय आपत्ती संस्थेची तात्पुरत्या निवाऱ्याची मदत साधारणपणे आपत्ती जाहीर झाल्यापासून १८ महिने चालते. मुदतवाढ वेगळी मागावी लागते. जळलेला डोंगर सावरायला त्याहून कितीतरी अधिक वर्षे लागतात. घरबांधणीच्या दीर्घकालीन संघीय निधीला कायमस्वरूपी कायदाच नाही. दर आपत्तीनंतर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, पैसे मंजूर करील तेव्हा तो मिळतो. त्या दिरंगाईत माणसे गाव सोडतात. हा निधी कायद्याने कायमचा करणे ही सर्वांत निकडीची सुधारणा आहे.

न्यू मेक्सिकोत दोष सरकारचा असल्याने सप्टेंबर २०२२ मध्ये भरपाईचा खास कायदा झाला. आधी अडीच अब्ज डॉलर आणि पुढे आणखी रक्कम मिळून तरतूद साडेपाच अब्जांच्या जवळ गेली. वाटपाचे काम फेमाकडे आले, पण दावे रेंगाळले. वारशाने आलेल्या, कागदोपत्री नावावर न चढलेल्या जमिनीचा पुरावा कोणता? सरपणाच्या जंगलाची, कुरणाची, पाटाची किंमत कशी ठरवायची? अशा ठिकाणी शेजाऱ्यांची साक्ष आणि प्रत्यक्ष पाहणी ग्राह्य धरणे हेच न्याय्य आहे. कुटुंबाची फाइल शेवटपर्यंत एकाच अधिकाऱ्याकडे राहिली, तर तीच कहाणी पुन्हापुन्हा सांगण्याचा जाचही टळेल.

पावसाआधी उतार सावरण्याचे कामही दोन यंत्रणांत विभागलेले आहे. वन सेवेची पथके आग विझताच मातीची तपासणी करून उतारांवर पेंढा पसरतात, पण मुख्यतः संघीय जमिनीवर. खासगी जमिनीसाठी कृषी खात्याची वेगळी योजना आहे आणि तिला स्थानिक संस्थेचे प्रायोजकत्व लागते. पुराचा लोंढा ही हद्द पाळत नाही. म्हणून आराखडा आणि पैसा दोन्ही संपूर्ण पाणलोटासाठी एकत्र हवेत, तेही पहिल्या पावसाच्या आत.