पितरांचे पान आणि आजोबांची गोळी

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला, की आमच्या लातूर-नांदेडकडील दवाखान्यांत दुपारी तीनच्या सुमारास एक ठरावीक रुग्ण येतो. अंग घामाने डबडबलेले, हात थरथरणारे, बोलणे असंबद्ध. ‘अर्धांगवायू तर नाही ना?’ घरचे घाबरून विचारतात. रक्त तपासावे, तर साखर ५०च्या आसपास! सकाळची मधुमेहाची गोळी नेमाने घेतलेली. पण पितरांना पान वाढून कावळ्याने घास घेईपर्यंत खायचे नाही, म्हणून पोट रिकामे.

श्रद्धेशी माझा वाद नाही. वडिलांच्या तिथीला मीही गच्चीवर घास ठेवून वाट पाहतो (हल्ली कावळेही वेळेवर येत नाहीत). परंतु इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी कावळ्यासाठी थांबत नाही. तिथीच्या आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचे औषध व खाणे ठरवून घ्यावे; आपल्या मनाने गोळी बंद करू नये. पाणी, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे आपल्या परंपरेनेच मानले आहे. साखर उतरल्याची लक्षणे दिसली आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. खीर-वड्यांचे ताट त्या दिवशी बेतानेच वाढावे, हे वेगळे सांगायला नको.

या पंधरवड्यातले दुसरे दुखणे असे थेंबभर रक्तात सापडत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकती झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो जीव गेले. पितृपंधरवडा तोंडावर आला होता. आजही त्या भागात शेकडो घरांची तिथी एकच आहे. तिकडच्या एक आजी दरवर्षी याच सुमारास झोप नाही, छातीत धडधडते, म्हणून येतात. ‘आठवणीने होत असेल’ असे म्हणून सोडून देणे बरे नव्हे. रक्तदाब आणि हृदयाचा आलेख आधी पाहावाच लागतो. मागच्या खेपेस दोन्ही तपासण्या ठीक निघाल्या. मग आजी गेलेल्यांची नावे एकेक करून सांगू लागल्या. सोबत आलेल्या नातीने त्यांतली तीन नावे कधी ऐकलीच नव्हती. घरी कोणी विचारत नाही, कारण ‘आजीला त्रास होईल’. मला तरी उलटेच दिसले. नावे सांगून झाल्यावर आजींनी पाणी मागितले आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाचे बोलू लागल्या.

पंधरवडा सरल्यावरही झोप आणि भूक परतली नाही, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली, तर थांबू नये. डॉक्टरांकडे न्यावे, ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतूनही.