प्लेस्टेशन पोर्टल: स्ट्रीमिंगवर चालणारा हँडहेल्ड आपल्याकडे कितपत चालेल?

सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत १९९.९९ डॉलरला आला आणि पुढच्या वर्षी भारतात १८,९९० रुपयांना. ८ इंची फुल एचडी स्क्रीन, दोन्ही बाजूंना पीएस५ च्या कंट्रोलरचे अर्धे-अर्धे भाग. फोटो बघून कुणालाही वाटेल, एवढ्यात पीएस५ खिशात मिळतोय!

तसं नाहीये मित्रांनो. पोर्टलवर गेम इन्स्टॉलच होत नाही. गेम चालतो तुमच्या घरच्या पीएस५ वर, पोर्टलवर येतो फक्त त्याचा व्हिडिओ. तुम्ही बटण दाबलं की ते सिग्नल वायफायने पीएस५ कडे जातं, तिथे पुढचं चित्र तयार होतं आणि ते परत तुमच्या हातात येतं. यालाच रिमोट प्ले म्हणतात. म्हणजे महागडा कन्सोल आधीच घरात हवा.

आता तुम्ही म्हणाल, यूट्यूब तर कमी नेटवरही चालतं, मग यात काय एवढं? फरक आहे तो इथेच. यूट्यूबचा व्हिडिओ आधीच तयार असतो, त्यामुळे पुढचा थोडा भाग आधी उतरवून ठेवता येतो. नेट दोन सेकंद गेलं तरी कळतही नाही. गेममध्ये पुढचं चित्र तुम्ही काय दाबता यावर ठरतं. जे अजून तयारच झालेलं नाही ते साठवणार कसं? त्यामुळे नेट जरा अडखळलं की लगेच जाणवतं.

६० एफपीएसला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंद टिकते. फायबर केबलमधून सिग्नल १ मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातं. सर्व्हर मुंबईत असेल तर पुणेकराला काही फरक पडत नाही. पण तोच सिंगापूरला असेल तर नुसतं जाऊन यायला ४० मिलिसेकंद, म्हणजे दोन-अडीच फ्रेम गेल्या. वर राउटरचा वेळ वेगळाच. कोडी सोडवायच्या गेममध्ये हे चालून जाईल, फायटिंग गेममध्ये मात्र मार खाल. म्हणून स्पीड टेस्ट करताना फक्त एमबीपीएस बघू नका, पिंग बघा.

डेटाचा हिशोबही करून टाकू. सोनी कमीत कमी ५ आणि चांगल्या अनुभवासाठी १५ एमबीपीएस सांगते. १५ एमबीपीएसने तासाला पावणेसात जीबी उडतात. पोर्टलमध्ये सिम बसत नाही, त्यामुळे बाहेर हॉटस्पॉटच लावावा लागतो. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर तो साधारण १३ मिनिटांत संपेल! हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी इथेच काय ते समजून घ्या.

कन्सोलशिवाय, थेट कंपनीच्या सर्व्हरवरून गेम खेळायची सोय सोनीने पोर्टलला नंतर दिली, पण ती पीएस प्लस प्रीमियमवाल्यांनाच. भारतात प्रीमियम प्लॅन नाही, त्याजागी डिलक्स आहे आणि त्यात स्ट्रीमिंग नाही. आपल्यासाठी पोर्टलचा निम्मा उपयोग इथेच गेला. दुसरी भीती म्हणजे सर्व्हिसच बंद पडली तर? गुगलने स्टेडिया जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली. हँडहेल्ड स्ट्रीमिंगवरच अवलंबून असेल तर अशा वेळी हातात नुसता डबा उरतो.

मग घ्यावा का? घरात पीएस५ आहे, फायबर कनेक्शन आहे आणि संध्याकाळी टीव्हीवर आईच्या मालिका असतात, असं असेल तर खरंच कामाची वस्तू आहे. पण लगेच पैसे घालू नका. पीएस रिमोट प्ले ॲप फोनवर फुकट मिळतं. मित्राचा कंट्रोलर ब्लूटूथने जोडा, फोन राउटरच्या ५ गीगाहर्ट्झ बँडवर टाका आणि ज्या खोलीत खेळणार आहात तिथेच बसून आठवडाभर खेळून बघा. कन्सोल नसेल तर एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ पासून भारतात सुरू आहे, ते फोनच्या ब्राउझरमध्येही चालतं. एक महिन्याचा प्लॅन घेऊन रात्री नऊनंतर, बिल्डिंगमधले सगळे ऑनलाइन असताना, मुद्दाम खेळून बघा. तेव्हा चित्र फाटत असेल, तर हँडहेल्ड घेऊनही ते तसंच फाटणार.