चार पिकांचा हिशेब

जुम्याला मालेगावात यंत्रमागाचे कारखाने बंद असतात. नमाजनंतर चहाच्या हॉटेलात बसलेल्या कारखानदारांचे आणि व्यापाऱ्यांचे बोलणे ऐकले, तर धंद्याला काय काय भोगावे लागले याची यादी एका चहात पुरी होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि विक्रीकराची सवय नसलेल्या कापडवाल्याला ५ टक्के कराचे बिल फाडावे लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. २०२२ मध्ये कापसाने आभाळ गाठले. ही यादी खोटी नाही. यातला प्रत्येक फटका मीही खाल्ला आहे. पण या यादीत एक रकाना कोरा असतो, तो म्हणजे त्या दिवसांत आपण स्वतः काय केले. दुसऱ्याचे उणे काढण्याआधी मी माझ्याच वहीतले पान उघडतो.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बाजारात आणि सरकारी कचेऱ्यांत शिकलो. तेव्हा भाषेत काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. धंदा सुती कोऱ्या कापडाचा. घरचे १६ माग आहेत, बाकीचा माल मजुरीवर विणून घेतो आणि बालोतरा, पाली, जेतपूर इकडे रंगाईला पाठवतो.

या पानाचे सगळेच वाचक कापडातले नाहीत, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. कापडाच्या एक इंच लांबीत आडवे, म्हणजे बाण्याचे जितके धागे बसतात त्याला पीक म्हणतात. सौदा ठरतो तेव्हा सुताचा नंबर, पन्हा, रीड आणि पीक ठरते. कापड हातात घेतल्यावर ५२ पीक आहे की ४८, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मोजायला भिंग लागते, किंवा तागा काट्यावर टाकावा लागतो. मागावर मात्र एक दातेरी चाक बदलले की काम झाले. जॉबरला त्यासाठी दहा मिनिटे पुरतात.

२०१७ चा पावसाळा आठवा. जुलैमध्ये सुरतेच्या कापड बाजाराने बंद पुकारला होता, माल जागच्या जागी थांबला होता. कोणते बिल कसे करायचे हे हिशेबनीसालाही समजत नव्हते. माझे बरेच पैसे उधारीत अडकले होते आणि सुताचा दुकानदार रोख मागत होता. अशा वेळी बालोतऱ्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची ४० हजार मीटरची मागणी आली, ५२ पीक, भाव कसून पाडलेला. मी ती घेतली, आणि घरच्या मागांवर ४८ पिकाचे चाक लावायला सांगितले.

हिशेब साधा होता. ४४ इंच पन्हा, बाण्याला ३० नंबरचे सूत. चार पिके कमी केली की १०० मीटरमागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास सूत वाचते. किलोला २०० रुपये धरले तर ७० रुपये. ४० हजार मीटरवर २८ हजार रुपये. शिवाय माग तेवढ्याच वेगाने चालून रोज आठेक टक्के कापड जास्त देतो, म्हणजे महिन्याचे काम दोन-तीन दिवस आधी उरकते.

आमचे जॉबर चाचा माझ्या अब्बांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी चाक बदलले. हात पुसत एवढेच विचारले, "सेठ, बिलावर काय लिहायचे?" मी म्हटले, "ठरले आहे तेच लिहा." त्यांनी मान हलवली. तासाभरात कारखान्यातल्या सगळ्यांना कळले. कोणी काही बोलले नाही, कारण मजुरी मीटरवर होती आणि चाक बदलल्यामुळे त्यांच्याही हातात थोडे जास्त पडत होते. सगळे माझ्या खोटेपणात भागीदार झाले, हे मला तेव्हा सोयीचे वाटले.

महिनाभराने माल पोचला. तिथल्या शेठजींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांपासून मी या पेढीचा माल तोललेला नाही. या खेपेला नवीन मुनीम आहे, त्याने तोलला." पुढे त्यांना काही सांगावे लागले नाही आणि मलाही काही सांगता आले नाही. कराची गडबड, सुताची तंगी, वाईट दिवस ही सगळी कारणे तोंडात तयार होती. एकही बाहेर आले नाही. त्यांनी मीटरला २ रुपये कापले. ८० हजार गेले. त्यानंतर दोन वर्षे त्यांची मागणी आली नाही.

पैशाचे नुकसान भरून निघाले. कारखान्यात जे झाले ते निस्तरायला जास्त काळ लागला. त्याच हिवाळ्यात एक कारागीर बाण्याचे कोन पिशवीत घालून नेताना सापडला. नियमाप्रमाणे त्याला काढायला हवे होते. मी त्याला समोर उभे केले आणि बोलायला लागलो, पण शब्द फुटेना. शेजारी चाचा उभे होते. ज्या मालकाने सगळ्यांसमोर साडेतीनशे ग्रॅम चोरायला लावले, त्याने दोन किलोच्या चोरीवर भाषण काय करावे? मी त्याला समज देऊन ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी चाचांना म्हटले, ४८ चे चाक लोहाराकडे देऊन टाका. मापात कमी देणाऱ्यांविषयी आपल्याकडे काय म्हटले आहे ते या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. मला ते लहानपणापासून पाठ होते.

मंदीत माणूस अशा गोष्टी का करतो, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्यापुरते उत्तर असे की तोटा कबूल करायची लाज वाटते. कसलेल्या भावात मागणी घेताना मला माहीत होते की ५२ पिकात हा भाव बसत नाही. त्याच वेळी "शेठजी, या भावात जमत नाही" म्हणालो असतो तर मागणी गेली असती, माग थांबले असते, आणि बाजारात बातमी झाली असती की अमुक पेढीचे माग थांबले. या बातमीला मी घाबरलो. आपल्याकडे थांबलेला माग म्हणजे मालकाची अब्रू गेली असे समजतात. वास्तविक तोट्यात चालणारा माग थांबलेल्या मागापेक्षा जास्त खातो, हे कोणालाही कागदावर मांडून पाहता येईल.

याची परीक्षा २०२२ मध्ये झाली. त्या वर्षी मे महिन्यात कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली. सुताचा भाव सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा. मधल्या काळात बालोतऱ्याचे शेठजी पुन्हा थोडा थोडा माल घेऊ लागले होते, पण आगाऊ सांगून की प्रत्येक खेप तोलली जाईल. त्यांची ५० हजार मीटरची मागणी मी मार्चमध्ये घेतली होती. अर्ध्या मालाचे सूत हातात होते, त्याची बीमे सायझिंगहून आली होती. उरलेल्या अर्ध्याचे सूत घ्यायचे होते आणि भाव हाताबाहेर गेला होता. मीटरमागे अडीच रुपये अंगावर येत होते.

या वेळी मी फोन केला. बोलणे असे झाले.

"शेठजी, २५ हजार मीटर ठरल्या भावात, ठरल्या पिकात देतो. बाकीच्या २५ हजारांना सूत घ्यायची माझी ताकद नाही. नवीन भाव बोलू, नाही तर तेवढा सौदा मोडा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुसरे लोक काही न बोलता पाठवतात आणि मला भिंग घेऊन बसावे लागते. तुम्ही अर्धाच पाठवा."

अर्धा सौदा मोडला. माझे सात माग जवळजवळ दोन महिने उभे राहिले, आणि ज्या बातमीला मी घाबरत होतो ती चहाच्या हॉटेलात झालीच. आठ दिवस झाली, नंतर लोकांना दुसरा विषय मिळाला. वर्ष संपता संपता खंडी ७० हजारांच्या खाली आली होती. ज्यांनी मेमध्ये विणणे सोडून सुताचे कोन गोदामात भरले होते, त्यांची दुर्दशा मी पाहिली आहे. त्यांत चांगले, तीन पिढ्यांचे कारखानदार होते. सूत वाढतेच आहे तर कापड कशाला विणायचे, असे ते म्हणत. विणकराने सट्टा करू नये असा काही कायदा नाही, पण त्याला सट्ट्यातले कळत नाही. आपल्याला कळते ते ताणा, बाणा आणि गिऱ्हाईक. घरबांधणीत शिरलेल्या मित्रांविषयीही हेच लिहिता येईल, पण त्यातले काही अजून देणेकरी आहेत, तेव्हा तो विषय सोडतो.

उभ्या सात मागांवरच्या कारागिरांना काय सांगायचे हा प्रश्न मात्र मला अवघड गेला नाही, कारण तो धडा २०२० मध्ये मिळाला होता. २५ मार्चला देश बंद झाला तेव्हा कारखान्यात २२ माणसे होती, निम्मी उत्तर प्रदेश आणि बिहारची. एप्रिलमध्ये शहरात रुग्ण वाढले आणि बाहेर निघणेही मुश्कील झाले. त्याआधीच मी त्यांना अंगणात लांब लांब बसवून वही उघडी ठेवली होती. बँकेत इतके, येणे इतके, त्यातले या महिन्यात काहीच येणार नाही. चार आठवडे प्रत्येकाला निम्मी खर्ची देऊ शकतो, पाचव्या आठवड्याचे माझ्याकडे नाही. उचल कोणाची किती आहे तेही वाचले आणि म्हटले, ती आता कोणी फेडू नये. लोकांना रडगाणे ऐकायला आवडत नाही, पण आकडे ऐकतात. वाटा उघडल्यावर नऊ जण गावी गेले. दिवाळीपर्यंत त्यातले सात परत आले. काही मालकांनी "काळजी करू नका, सगळे देऊ" असा शब्द दिला आणि नंतर फोन बंद ठेवले. त्यांच्याकडे किती परत आले ते त्यांनाच माहीत.

तसे २०२२ मध्येही वही उघडली. सात माग दोन महिने थांबतील, काम उरलेल्या नऊ मागांवर पाळीने वाटू, सगळ्यांची कमाई कमी होईल, माझ्या घरचा खर्चही कमी होईल. एक जण सोडून गेला. चाचा बैठकीत काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

आता थोडे पैशाच्या येण्याविषयी, कारण मंदीत सगळ्यात जास्त खोटे इथे बोलले जाते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. हा नियम २००६ च्या कायद्यातला आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्याला आयकराची जोड मिळाली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येतो, तोवर त्या रकमेवर कर भरावा लागतो. उशीर झाला तर व्याज मागायची सोय जुन्या कायद्यातच आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण ते मागणार नाहीत, त्यांना मुद्दल वेळेवर मिळाले तरी पुरे.

नियम कारखानदाराच्या बाजूचा आहे, पण २०२४ च्या सुरुवातीला मोठे घेणारे सांगू लागले की नोंदणी काढून टाका, नाही तर माल घेणार नाही. काहींनी दुसऱ्याच नावावर बिले मागितली. मी स्वतः मजुरीवर विणून घेणारा आहे, म्हणजे या व्यवहारात मी घेणाऱ्याच्या बाजूला बसतो. खरे सांगायचे तर माझ्याही मनात आले की दोन-चार जणांना तेच सांगावे. मग प्रत्येकाबरोबर एका पानाचा करार केला, ३० दिवसांचा. दोनदा ती मुदत पाळायला मला बायकोचे सोने गहाण ठेवायची पाळी आली. एकदा ठेवले, एकदा ऐन वेळी पैसे आले. नुसता कापडाचा व्यापार करणाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणी असूनही या मुदतीचे संरक्षण नाही, हे आपल्या दुकानदार बांधवांनी ध्यानात ठेवावे आणि उधारी देताना कायद्यावर विसंबू नये.

बालोतऱ्याचे शेठजी आता थकले आहेत, कारभार त्यांचा मुलगा पाहतो. गेल्या खेपेला त्याचा फोन आला की वजन बरोबर आहे. मी विचारले, "भाऊ, अजून तोलता?" तो म्हणाला, "बाबांनी सांगून ठेवले आहे, सेठ." पैसे नवव्या दिवशी आले.